गव्हाची दोन ताटं

मासा पिशवीत उलटा वळला.

कोटाच्या खिशातली किल्ली त्याला आठवत होती त्यापेक्षा जास्त चमकत होती.

काचेवर रेघ एकदाच ओढायची असते. त्याच रेघेवरून कटर दुसऱ्यांदा फिरवला की ती कुठून फुटेल हे काच ठरवते.

रोज सकाळी ओट्यावर तीन कप. मग एक परत फळीवर.

पृथ्वी एका बैलाच्या शिंगावर ठेवलेली आहे आणि वर्ष संपलं की तो ती दुसऱ्या शिंगावर घेतो, असं सासरे सांगायचे. सासरे शाळेत भूगोल शिकवायचे.

ओला शर्ट, काळा. वाळत घातलेला दुसरा शर्ट, काळा.

तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यांच्या मध्ये लिफ्टनं एक हिसका दिला आणि ती थांबली.

हिसका मोठा नव्हता. पिशवीतलं पाणी एकदा इकडून तिकडे गेलं, मासा त्याच्याबरोबर गेला आणि परत आला, एवढंच. डोक्यावरचा दिवा जळत होता, पंखा मात्र बंद पडला होता, त्यामुळे आतापर्यंत पंखा चालू होता हे त्याच्या लक्षात आलं. समोर जाळीचा दरवाजा, त्याच्या पलीकडे नाकापर्यंत सिमेंटची भिंत, त्या भिंतीवर कुणीतरी खडूनं काढलेला बाण, आणि भिंत संपत होती तिथून पुढे, अगदी त्याच्या डोळ्यांच्या रेषेत, चौथ्या मजल्याची फरशी. ही फरशी तो इतकी वर्षं वरून बघत आला होता. आता ती बाजूनं दिसत होती. पायपुसण्याखालची माती दिसत होती, शेजाऱ्यांच्या चपलांच्या कपाटाचे पाय दिसत होते, आणि त्याच्या घराचं दार दिसत होतं, अर्धवट उघडं. त्यानं बटण दाबलं, मग दुसरं, मग सगळी. काही झालं नाही. त्याला जे पहिल्यांदा वाटलं ते असं की बरं झालं. हे वाटल्यावर त्यानं आजूबाजूला पाहिलं, जणू लिफ्टमध्ये आणखी कुणी असेल आणि त्यानं ते ऐकलं असेल. मासा सोडून कुणी नव्हतं.

आज नवरोज. त्याचा नाही, बायकोच्या घरचा. म्हणजे बायको होती तेव्हा तिच्या घरचा, आणि आता, बायको नसताना, कुणाचा म्हणायचा हे त्याला ठरवता आलं नव्हतं. या लोकांचं वर्ष रात्री बारा वाजता बदलत नाही. हिवाळा संपून वसंत सुरू होतो तो क्षण कुणीतरी सूर्यावरून मोजून काढतो, आणि तो क्षण कधी पहाटे येतो, कधी दुपारी, कधी ऐन जेवणात. यंदा तो कामाच्या दिवशी सकाळी आला होता. अर्धा दिवस रजा मागितली तेव्हा दुकानाचा मालक, हातातला आरसा बाजूला न ठेवताच म्हणाला होता, "सकाळी पावणेअकराला नवीन वर्ष? हे ठरवतं कोण?" तो म्हणाला, "सूर्य." "मग सूर्याला सांग, आपल्याकडे हॉटेलचे आरसे जायचेत, दुपारनंतर बघ म्हणावं." मग मालकानं आरशात बघतच विचारलं होतं, "नव्या दुकानाच्या वरची खोली बघितलीस ना? किल्ली दिलीय तुला. वसंत येऊ दे नाहीतर आणखी कुणी, पुढच्या महिन्यात तिकडचं काम सुरू व्हायला पाहिजे." तो हो म्हणाला होता. नवं दुकान शहराच्या पार दुसऱ्या टोकाला होतं. इथून जाऊन-येऊन करणं शक्य नव्हतं. हे त्यानं थंडी संपता संपता मान्य केलं होतं आणि घरी सांगितलं नव्हतं. घरी म्हणजे सासूला. घरी सासूशिवाय कुणी नव्हतंच.

सांगणं एवढं अवघड का जावं हे त्याला कळत नव्हतं. सासू काही भोळी नव्हती, रडकीही नव्हती. मुलगी गेली त्या दिवशी दवाखान्यात कागदांवर सह्या तिनंच केल्या. पण या घरात एक नियम होता, आणि तो नियम तिनं त्याला लग्नानंतरच्या पहिल्याच वसंतात समजावून सांगितला होता, बोट उगारून. वर्ष बदलतं त्या क्षणी माणूस जिथे असेल, ज्यांच्याबरोबर असेल, जसा असेल, तसं त्याचं वर्ष जातं. म्हणून त्या क्षणी सगळ्यांनी अंघोळ करून, नवे कपडे घालून, सफरचंद, लसूण, नाणी, आरसा, जिवंत मासा असं सगळं मांडलेल्या कापडाभोवती बसायचं. भांडायचं नाही. रुसायचं नाही. संडासात तर मुळीच जायचं नाही. "एका वर्षी ह्यांना नेमकं तेव्हाच जावं लागलं," सासू सासऱ्यांकडे बघून म्हणाली होती, "वर्षभर पोट धरून होते." सासरे म्हणाले, "ते तुझ्या स्वयंपाकामुळे." बायको इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. तेव्हा तो नियम म्हणजे एक गंमत होती. आता त्याचा हिशेब सरळ होता. आज त्या कापडाशी बसलो तर आणखी एक वर्ष मी इथलाच. मग उठून खोलीचं सांगणं म्हणजे बसलो ते खोटं. आणि नाही बसलो तर सांगायचं काही उरतच नाही, गेलोच. म्हणून सकाळी तिनं मासा आणायला पाठवलं तेव्हा तो जवळचं दुकान सोडून लांबच्या दुकानात गेला. तिथे त्यानं सगळ्या टाक्या पाहिल्या. दुकानदार वैतागून म्हणाला, "साहेब, नारिंगी मासा नारिंगीच असतो. लग्न जमवताय का?" पैसे काढायला खिशात हात घातला तेव्हा किल्ली हाताला लागली. थंडीपासून त्यानं हा कोट घातला नव्हता, आज वारा होता म्हणून दारामागून काढला. पितळी किल्ली, दोऱ्याला त्या खोलीचा पत्ता लिहिलेला पुठ्ठा; मालकानं दिली तेव्हा काळपट होती, दातांत कसलातरी चिकटा होता. आता ती स्वच्छ होती. त्याला वाटलं, खिशातल्या अस्तराला घासून झाली असेल.

वसंताच्या आधी या घरात घर हलवतात. झाडणं नव्हे, पुसणंही नव्हे, सासूचा शब्दच तसा आहे, घर हलवणं. झाडाला हलवून सुकी पानं पाडतात तसं. पडदे उतरतात, गाद्या गच्चीवर जातात, कपाटं भिंतीपासून पुढे येतात आणि त्यांच्यामागे वर्षभरात गेलेलं सगळं बाहेर पडतं. यंदा बिछान्यामागून बायकोची केसांची पिन निघाली. सासूनं ती फडक्यानं पुसली, उजेडात धरली, आणि पिनांच्या डबीत ठेवली, जणू ती उद्या कुणाला तरी लागणार होती. त्याला वाटलं होतं की या वर्षी ती हे सगळं करणार नाही. सुतकासारखं वर्ष आहे, गुडघे दुखतात, कशाला करेल. पण तिनं नेहमीपेक्षा जास्त केलं. दिव्यांच्या काचा उकळत्या पाण्यात घातल्या. दारांच्या कड्या घासल्या. तो संध्याकाळी कामावरून यायचा तेव्हा घरात सगळीकडे लिंबाचा वास असायचा आणि ती खुर्चीत पाय वर घेऊन बसलेली असायची. वर्षाच्या शेवटच्या मंगळवारी आगीवरून उड्या मारायच्या असतात, आपला फिकटपणा आगीला द्यायचा आणि तिची लाली आपण घ्यायची. पूर्वी ते सगळे खाली आवारात काटक्या पेटवायचे, बायको साडेतीन फूट उंच उडायची आणि तो मागे पाणी घेऊन उभा. यंदा वॉचमन आवारात आग लावू देईना. मग सासूनं इथेच, या फरशीवर, मेणबत्ती लावली आणि भिंतीला धरून तिच्यावरून एक पाय टाकला, मग दुसरा. "झालं," ती म्हणाली. "आता तू." तोही मेणबत्ती ओलांडून गेला. शेजारची बाई दार उघडून बघत होती. सासू तिला म्हणाली, "तुम्ही पण या, फुकट आहे."

आणि गहू. गहू दर वर्षी एका ताटात भिजवून, ओल्या कापडाखाली उगवायचे, वसंतापर्यंत त्याची बोटभर हिरवी गादी होते. तेराव्या दिवशी ती वाहत्या पाण्यात सोडायची, घरातलं वर्षाचं दुखणंखुपणं तिच्याबरोबर जातं. गेल्या वर्षी बायकोला उठवत नव्हतं. गादी पाण्यात सोडायला तो एकटा कालव्यावर गेला. जाण्याआधी बायकोनं झोपूनच दोन पात्यांना एक गाठ मारून दिली होती, काय मागितलं ते सांगितलं नाही. पुलावरून त्यानं ती गादी फेकली ती ताटासकट. ताट काही क्षण होडीसारखं तरंगलं, मग एका बाजूनं पाणी आत आलं. घरी आल्यावर सासू म्हणाली, "अरे, कोंब सोडायचे असतात, भांडी नाही." बायको भिंतीकडे तोंड करून हसली, तिचे खांदे हलले. त्या हसण्याचा आवाज नव्हता. यंदा सासूनं दोन ताटं लावली होती. त्यानं विचारलं, दोन कशाला. ती म्हणाली, "एक तू बुडवणार. हिशेबात धरलंय." त्याला वाटलं, दुसरं बायकोचं असणार. सासू रोज सकाळी सवयीनं मांडते त्या तिसऱ्या कपासारखं. दोन्ही ताटं खिडकीत शेजारी शेजारी वाढत होती आणि तो त्यांच्याकडे बघणं टाळत होता.

"किती वेळ झाला मासा आणायला गेलाय," वरून आवाज आला. सासू फोनवर बोलत होती, मग थांबली. काळ्या सपाता दारात दिसल्या. "लिफ्टमध्ये कोण आहे?"

"मी आहे, आई."

"तिथे काय करतोयस?"

"बंद पडलीय."

सपाता पुढे आल्या. मग गुडघे वाकले, एक हात फरशीवर टेकला, आणि हळूहळू, कण्हत, तिचा चेहरा जाळीपलीकडे आडवा दिसू लागला. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मासा जिवंत आहे?"

"आहे."

"मग ठीक." तिनं मान जिन्याकडे वळवून हाक मारली, "वॉचमन! अहो वॉचमन! आमचे जावई अडकलेत!" खालून काहीतरी उत्तर आलं. "लिफ्टवाल्याला फोन केलाय म्हणतो. येईल म्हणे. येईल तेव्हा येईल. आपल्याकडे वेळ थोडा आहे." आणि ती उठली, भिंतीला धरून, आणि आत गेली.

त्याला वाटलं, ती आत बसेल. कापडाशी, आरशासमोर, फोन कानाला लावून. तिचा मुलगा लांबच्या देशात होता, तो दर वर्षी फोनवरून मोजायचा, त्यांच्या भाषेत, दहापासून एकपर्यंत. इतक्या वर्षांत त्या भाषेतलं त्याला एवढंच आलं होतं. त्याला दहापासून खाली मोजता यायचं, वर मोजता यायचं नाही. तो लिफ्टच्या कोपऱ्यात टेकून उभा राहिला. ठीक आहे. ती आत, मी इथे. मी काही केलं नाही, लिफ्टनं केलं. पण हे मनात म्हणून संपायच्या आत सपाता परत आल्या होत्या आणि फरशीवर कापड उलगडत होतं, त्याच्या डोळ्यांसमोर, इतकं जवळ की कापडाच्या कडेचे धागे त्याला मोजता आले असते. मग सफरचंद आलं. लसणाचा गड्डा आला. व्हिनेगरची वाटी, नाणी, रंगवलेली अंडी. एकेका वस्तूसाठी ती आत जात होती आणि प्रत्येक फेरीला तिचा श्वास जास्त ऐकू येत होता. "आई, राहू द्या," तो म्हणाला. ती म्हणाली, "तू तुझं बघ." गव्हाची ताटं आली, आधी एक, मग दुसरं. शेवटी दोन्ही हातांत धरून आरसा.

हा आरसा त्यानं कापलेला होता. सासऱ्यांनी मुलगी बघायला आलेल्या मुलाच्या हातात पहिल्यांदा काय दिलं असेल तर हा आरसा. कडांनी पारा गेला होता, काळे डाग आत सरकत होते. "तू आरशांचं काम करतोस ना? मग वाचव." त्यानं दुकानात नेऊन डाग पडलेली कड चारी बाजूंनी उतरवली, धार घासली, परत आणला. लहान झाला होता, पण स्वच्छ. सासऱ्यांनी बराच वेळ त्यात पाहिलं आणि म्हणाले, "माणूस तेवढाच दिसतो. बास झालं." वर्ष बदलायच्या क्षणी आरसा कापडावर आडवा ठेवायचे आणि त्यावर एक अंडं. बैलानं शिंग बदललं की अंडं हलतं. सगळे वाकून बघायचे, अंड्याभोवती आरशात चार डोकी दिसायची, आणि दर वर्षी सगळ्यांना अंडं हललेलं दिसायचं, फक्त त्याला नाही. त्याला फरशीचा उतार माहीत होता. "ह्याच्या डोळ्यांत दोष आहे," बायको म्हणायची.

सासूनं आरसा आडवा ठेवला नाही. तिनं तो समोरच्या दाराच्या चौकटीला टेकवून उभा केला, लिफ्टकडे तोंड करून, आणि स्वतः कापडाच्या बाजूला फरशीवर बसली. मग आरशात बघून म्हणाली, "तू दिसत नाहीस."

दिसणार नव्हताच. आरसा मागे कलला होता, त्यात छताचा दिवा आणि जिन्याचा कठडा येत होता. त्यानं काही विचार करायच्या आधीच त्याच्या तोंडून गेलं, "फार मागे गेलाय. खालची कड भिंतीकडे सरकवा."

"अशी?"

"आणखी. आता घसरेल, पुढे काहीतरी लावा. लसूण लावा."

"लसूण लावू?"

"लावा. दुसऱ्या बाजूला सफरचंद. हां. आता वरची कड जरा तुमच्याकडे. थोडी. थांबा, सोडा हात."

तिनं हात सोडला. आरशात जाळीचे चौकोन आले, आणि चौकोनांच्या मागे, फरशीच्या पातळीवर, जणू जमिनीतून उगवलं आहे असं एक डोकं. त्याचं. शेजारी तिचं. मधे गव्हाची दोन ताटं. त्यानं स्वतःलाच तिथे आणून बसवलं होतं, लसूण लावून. लांबच्या दुकानात घालवलेली सगळी सकाळ फुकट गेली होती. त्याला हसू आलं. तिच्या मांडीत रंगवलेलं अंडं होतं. उभ्या आरशावर अंडं राहत नाही. तिनं ते मुठीत धरून ठेवलं होतं.

"हे घे," ती म्हणाली, आणि जाळीतून गुंडाळी केलेला एक निळा शर्ट आत ढकलला. "घाल."

"इथे?"

"मग काय, पडदा लावू तुझ्यासाठी? पहिल्या वसंताला घरातल्या मोठ्यानं रंगीत कपडा आणून घालायला लावायचा असतो. मग काळं उतरतं. घरात मोठी मीच आहे."

त्यानं मासा खाली ठेवला, कोट काढला, काळा शर्ट काढला. सिमेंटचा गारवा अंगाला लागला. निळा शर्ट खांद्यात जरा सैल होता. बटणं लावताना त्यानं तिच्याकडे पाहिलं, तिचा काळा पदर, काळी बाही. "आणि तुम्हाला कोण आणणार?" त्यानं विचारलं.

"मला आणायला मोठं कोण उरलंय?"

त्याच्याकडे रंगीत असं काहीच नव्हतं. त्यानं पिशवीचं तोंड चिमटीत धरून मासा वर उचलला आणि जाळीच्या फटीतून, पाणी सांभाळत, एका बाजूनं चेपत, पलीकडे दिला. तिनं तो दोन्ही हातांनी घेतला आणि काळ्या मांडीवर ठेवला. फोनमधून मेव्हण्याचा आवाज आला, दह, म्हणजे दहा, हे त्याला कळलं, मग नऊ, मग आठ. तो मनात बरोबर मोजत होता. आरशात ती त्याच्याकडे बघत होती आणि तो तिच्याकडे, म्हणजे प्रत्यक्षात दोघंही भिंतीकडे बघत होते. एक. फोनमध्ये खूप माणसं एकदम ओरडली. मासा फिरला. ती त्याच्याकडे वळली आणि जाळीतून दोन बोटं आत घालून तिनं त्याच्या कपाळाला स्पर्श केला.

"आता वर्षभर असाच लटकणार तू," ती म्हणाली. "ना वर ना खाली. आणि अर्ध्या रजेत."

"आई, मला एक सांगायचं होतं. आधीच सांगायला हवं होतं."

"दुसरं ताट नेशील ना, ते ओल्या कापडात गुंडाळून ने. बस हलते, पाणी सांडतं. आणि तिकडे खिडकीत ठेव, खिडकी आहे का त्या खोलीला?"

खिडकी आहे का हे त्याला आठवेना. नंतर आठवली, रस्त्याच्या बाजूला होती, तिची काच तडकलेली होती आणि ती आपण बदलू असं त्यानं तेव्हा मनात म्हटलं होतं.

"आहे," तो म्हणाला.

"बास. तेराव्या दिवशी दोघं मिळून सोडू पाण्यात. येशील ना? ताटं मी धरीन."

"येईन."

"वाहतं पाणी पाहिजे. तुझ्याकडे असेल तर तुझ्याकडे जाऊ. मलाही बघता येईल कुठे राहतोस ते."

खाली कुठेतरी लोखंडाचा आवाज झाला, आणि लिफ्टवाला ओरडला, "आत कोण आहे? वर घेऊ का खाली?" सासू जाळीला तोंड लावून म्हणाली, "वर घ्या हो, वर! चहा टाकतेय!" लिफ्टनं हिसका दिला. फरशी त्याच्या डोळ्यांसमोरून खाली जाऊ लागली, छातीपाशी आली, गुडघ्यांपाशी, मग पायांखाली. लसूण गडगडला, आरसा कापडावर सावकाश आडवा झाला, फुटला नाही. सासूची मूठ उघडली होती. अंडं फरशीवर अर्धा वेढा घेऊन थांबलं. "हललं," ती म्हणाली. त्यानं पाहिलं होतं. या बाजूला फरशीला उतार नव्हता.

आत ओट्यावर दोन कप होते.

किल्ली तिनं लिंबानं घासून कोटात परत ठेवली होती, त्याच्या दुसऱ्या दिवशी दोन ताटांत गहू भिजत घातले होते.